मी निघाले त्या दिवशीचा पेपर

आमच्या घरात पेपर किलोवर यायचा. आई पडघ्याच्या बाजारात गोणपाट अंथरून, हायवेची धूळ खात सुकट, जवळा, बोंबील विकायची. बांधून द्यायला कागद लागायचा, म्हणून रद्दी. बाबा कामतघरला कापडाच्या लूमवर होते. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद की त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि लाइट तर रोजच जायची. वळ गावात आमच्या दोन खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत मासळीच्या टोपल्या. त्या टोपल्यांना टेकून मी शिकले, आणि शाळेच्या पुस्तकांखेरीज वाचायला होती ती रद्दीच.

रद्दीला तारखेची शिस्त नसते. सकाळी पडलेलं सरकार संध्याकाळी शपथ घ्यायचं. एखादा फलंदाज निवृत्त व्हायचा आणि पुढच्या आठवड्यात त्याची संघात पहिल्यांदा निवड व्हायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाबा जेवताना मथळे मोठ्याने वाचायचे, कारण लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, आणि आम्ही ते सगळं आजचंच समजून त्यावर बोलायचो. कॉलेजात सरांनी ताजी बातमी विचारली. मी उठून एका मंत्र्याने काय जाहीर केलं ते ठणकावून सांगितलं. वर्ग हसला. ते मंत्री केव्हाच वारले होते.

तरी पदवी मिळवली, तीही पहिल्या वर्गात. आमच्या घरात त्याआधी दहावीचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. हे मी सांगणार, दर वेळी सांगणार.

मग रॉटरडॅमची नोकरी लागली. काम काय, तर बंदरावर उतरलेला कुठला कंटेनर कुठल्या गोदामात जाईल ते ऑफिसात बसून ठरवायचं. वळला गावच्या शेतांच्या जागी तोवर चहूकडे गोदामंच उभी राहिली होती. आईला काही कळेना. "गोदामानच काम करायचा तर आपल्या दारान काय गोदामा कमी हायेत?"  

निघायच्या दिवशी बाबा पहाटे नाक्यावर जाऊन पेपर घेऊन आले. ताजा. आमच्या घरात आलेला पहिला ताजा पेपर. मला वाटलं, आता बसून वाचतील. त्यांनी तो न उघडताच आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "शिल्या पेपरान बांधलेला परदेशान नेतात काय?" आईने त्यात माझे बोंबील बांधले. कुणी एक अक्षर वाचलं नाही.

नाक्यावर काकांनी माझा फ्लेक्स लावला होता, 'परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा'. त्याच्याखालून गाडी निघाली तेव्हा वरची मी हसत होते आणि खालची मी रडत होते. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "लवकर ये, बाय." मी म्हटलं, "लवकरच."

पुढे मी पैसे पाठवले आणि रस्त्याच्या अंगाला तिसरी खोली बांधली गेली. तिचं नाव 'बायची खोली'. आत पलंग, भिंतीवर माझं पदवीचं प्रमाणपत्र, दाराला कुलूप. मी वर्षाआड पंधरा दिवस जाते, तेवढीच ती उघडते.

गेल्या महिन्यात इथलं घर बदलताना स्वयंपाकघराच्या खणात अंथरलेला तो पेपर हाती आला. पिवळा पडलेला, पण बोंबलाचा वास टिकून. खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा वाचला. 'शहरातील रस्ते लवकरच खड्डेमुक्त.' 'वाहतूक कोंडीवर लवकरच तोडगा.' 'पाणीपुरवठा लवकरच सुरळीत.' आतल्या पानावर 'पडघ्याजवळ बिबट्या, ग्रामस्थ भयभीत', आणि खाली बारीक अक्षरांत, तो कुत्रा असावा असं वनखात्याचं म्हणणं आहे, पण ग्रामस्थांना ते मान्य नाही. एका लग्नात मटण संपलं म्हणून दोन्हीकडचे मामा इस्पितळात. माझ्या राशीला 'प्रवास टाळावा'.

एकटीच हसत सुटले. मग गोंधळले. यातलं जुनं काय आणि चालू काय, ते मला सांगता येईना. इथे ट्राम जराशी उशिरा आली तरी फलक माफी मागतो, त्याची आता सवय झालीय. आणि मी पुन्हा त्या टोपल्यांना टेकून बसल्यासारखी, हातात रद्दी आणि आजचा दिवस कोणता ते ठाऊक नाही.

घरी फोन लावला आणि मथळे मोठ्याने वाचून दाखवले. बाबांना ओरडून विचारलं, "बाबा, खड्डे बुजले का?"

"बुजवलं व्हतं. परत झालं. आता परत बुजवनार हायेत."

"पाणी?"

"येल, येल. टँकर येतंय तवर."

"आणि तो बिबट्या?"

"कुत्राच व्हता त्यो," बाबा म्हणाले. "पन कुनाला सांगू नको. लोकांना बरा वाटतं."

मागून आईचा आवाज आला, "आनि तुजा काय गो? तू पन त्या पेपरवाल्यांच्याच जातीची. लवकरच, लवकरच."

मी हसले. पलीकडे कुणी हसलं नाही. मग बाबा आवाज खाली आणायला गेले, पण त्यांना ते जमत नाही. "आयेचं गुडघं गेलंत. बाजारान बसवत न्हाय तिला. गोदामातली पोरा रस्त्यावरून जाता-येता इचारतात, मावशी, सुकट है क्या? मी तिला बोललो, बायची खोली रस्त्यालाच हाय, तिथं मांड. तर न्हाय म्हंते. बाय येल तवा कुठं राहील?"

जिभेवर पुन्हा तेच आलं होतं, 'लवकरच'. समोर पेपर पसरलेला. माझा मथळा त्यात नव्हता एवढंच, बाकी मी त्याच पानावरची.

"आये," मी म्हटलं, "मी राहायला नाही येत. भेटायला येईन, दर वर्षी येईन. राहायला नाही. त्या खोलीला शटर लाव."

आईने फोन बाबांच्या हातून घेतला. मग म्हणाली, "मंग आल्यावर झोपशील कुठं?"

"तुझ्या शेजारी."

"घोरतंस तू," ती म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला.

तुमच्यापैकी जे राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्यांना मी काय सांगू? घर म्हणजे काय, हे मला अजून धड कळलेलं नाही. आधी वाटायचं, आपल्यासाठी कुलूप लावून ठेवलेली खोली. ते नाही, एवढं आता ठाऊक आहे. तिथे मला निजायला जागा सरकवून घ्यावी लागेल, याचंच उलट बरं वाटतं.

पाडव्याला शटर लागलं. नाक्यावर फ्लेक्स लागला, या वेळी आईचा, कपाळाला आठ्या घातलेला. माझं प्रमाणपत्र तिने काढलं नाही; त्याच्याखाली बोंबील टांगलेत. पेपर अजून किलोवरच येतो.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पहिलं दुकान आईचं.