काळ्या साडीवरचं लाल फूल

चायनाटाउनमधले अंकल त्यांच्या चिनी नववर्षाआधी लाल कागदावर काळ्या शाईने शुभेच्छा लिहून विकायचे. गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी कपड्यांचे रंग बघायचे. पिवळा दिसला की मान डोलवायचे, पांढऱ्याला नाक मुरडायचे. एका संक्रांतीला मी काळी साडी नेसून गेले, तर त्यांचा ब्रशच थांबला.

"नवीन वर्ष येतंय, काळं नको, लाह!" वाक्याच्या शेवटी नेहमीचं 'लाह' जोडत ते म्हणाले.

"आमच्या या सणाला काळंच नेसतात, अंकल," म्हणत मी तिळगूळ दिला. तो चघळत त्यांनी लाल कागदाचा तुकडा कापला आणि माझ्या पदराला टाचला. कपाळावरची आठी मात्र तशीच.

पुढच्या संक्रांतीला त्यांचं मन राखायला मी लालभडक साडी नेसले. अंकल हिरमुसलेच. टेबलाखालून कागदाचं मोठं लाल फूल काढून म्हणाले, "आता हे कशावर उठून दिसणार?"