वलीभाईंचा कोट

दुबईतल्या बर दुबई भागात वलीभाईंचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक खोली, पडद्यावर रंगवलेला बगीचा आणि खिळ्याला टांगलेला काळा कोट. रत्नागिरीहून आलेला प्रत्येक जण पहिला फोटो त्या कोटात काढून घरी पाठवायचा. वलीभाई पाठीमागून चिमटे लावायचे, की कोट कुणाच्याही अंगाला बसायचा आणि जो तो साहेब दिसायचा. आपण खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नव्हतं.

मुश्ताकनेही तसा फोटो काढला आणि आईला लिहिलं, ऑफिसात टेबलावर काम आहे. खरं तर तो आणि मी धक्क्यावर पोती वाहायचो. १९६४ च्या फेब्रुवारीत दोर तुटला आणि सिमेंटची पोती त्याच्या अंगावर आली. त्याला पुरून आलो, दुसऱ्या दिवशी कामाला गेलो. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

त्याच्या आईला, मरियमबींना, मीच कळवलं. उत्तर आलं, "माझा मुलगा ऑफिसात बसतो. त्याच्यावर पोती कशी पडतील? जहूर, असली मस्करी करू नकोस." मरियमबी मुश्ताकसाठी मुलगी बघतायत, बकरी ईदनंतर साखरपुडा, असं माझ्या बायकोने, जैनबने, लिहिलं.

दोन्ही पत्रं घेऊन मी वलीभाईंकडे गेलो. त्यांनी भिंतीवर चिकटवलेला फोटो दाखवला. इंग्रजी मासिकातला. अमेरिकेत काळ्या लोकांनी हक्कांसाठी मोर्चा काढला होता. त्यांच्यातला एक जण हात उंचावून बोलत होता.

"हा काय बोलला, मुझे क्या मालूम," वलीभाई म्हणाले. "पण मला त्याचं पटतं. बाजूचे लोक बघ. एकजण तरी कॅमेऱ्याकडे बघतोय? सगळे त्याच्याकडे. आपल्या फोटोत काय असतं? एकटा माणूस आणि कोट."

मी सवयीने कोटाकडे हात नेला.

"तो राहू दे. पोती वाहतोस त्याच कपड्यांत कबरस्तानात ये. सगळ्यांना आण."

धक्क्यावरचे अकरा जण आले, सिमेंटने राखाडी झालेल्या लुंग्यांत. कबरीपाशी वलीभाई म्हणाले, "कसं झालं ते सांग. मोठ्याने." मी सांगू लागलो. दोर, पोती, बाहेर राहिलेला त्याचा हात. हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. वलीभाईंनी बटण कधी दाबलं, कळलं नाही.

ईदच्या आधी मरियमबींचं पत्र आलं. मी ते स्टुडिओत वाचून दाखवलं.

"फोटो बघितला. पटलं. मुलीच्या घरी नको म्हणून कळवलं. आता त्याचा कोट तेवढा पाठव. त्याला मुश्ताकच्या अंगाचा वास असेल."

त्या कोटात शेकडो माणसांचा घाम होता. माझाही. वलीभाईंनी कोट खिळ्यावरून काढला, पाठीवरचे चिमटे एकेक करून सोडवले आणि न झटकता घडी घालून माझ्या हातात दिला.