शोभाताईंचा फासा

आमच्या इमारतीचं नाव निर्झरा हाइट्स. उंची तीन मजले, आणि नळाला पाणी नाही. बोअर तिसऱ्याच उन्हाळ्यात आटली, तेव्हापासून टँकर. नाव ठेवणाऱ्या बिल्डरला मी कधीच माफ केलं, कारण तो एकदाच भेटला आणि पैसे घेऊन गेला. इथे राहायला आलेली माणसं मात्र मला रोज भेटतात.

त्या माणसांत एकच बाई मला मनापासून आवडते, आणि तीही सुरुवातीला नाही. शोभाताई. माझ्या शेजारचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांचा. मूळच्या खापा गावच्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन बेसा भागात फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, आणि आमच्याकडे ते जिन्यात भेटल्या भेटल्या विचारतात, तर त्या म्हणत, "लाइन बिझी होती बाप्पा."

आमच्या दोघींच्या गॅलऱ्या मागच्या अंगाला, एकमेकींना लागून. तिथे एक मोठा कडुनिंब होता. बिल्डरकडून तो तोडायचा राहून गेला म्हणून वाचला, ही त्या इमारतीत घडलेली एकमेव चांगली गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात दुपारी अख्खी स्कीम (इमारतीला आमच्याकडे स्कीमच म्हणतात) कूलरसमोर घोरत पडलेली असताना शोभाताईंच्या गॅलरीत बसता येत असे, ते त्या झाडामुळे.

एका दुपारी पाहते तर बाई घडीच्या टेबलासमोर एकट्या बसलेल्या. पुढे वही आणि ल्यूडोचा फासा.

"शोभाताई, बाकीचे गडी कुठे?" मी विचारलं.

"नाही लागत. एकटीनंच खेळाचं असते."

झालं होतं असं, की त्या मोबाइलवर गुडघ्यांचे व्यायाम पाहत होत्या. व्यायाम संपला आणि मोबाइलने आपल्याच मनाने पुढचं काहीतरी लावलं. त्यात एक बाई एकटीच टेबलाशी बसून फासे टाकत होती आणि एक गोष्ट रचत होती. शोभाताईंनी गुडघे सोडले आणि ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चौकातून ल्यूडो आणला, पट आणि सोंगट्या कामवालीच्या नातवंडांना दिल्या, आणि एक फासा ठेवून घेतला.

"एक माणूस मनात धराचं," त्या मला समजावू लागल्या. "माही गोदा आहे. तिच्या गावची नदी आटली. ते उगमाकडं चालली, झऱ्याले पाणी आहे का पाहाले. आता वाटेत मले समजा प्रश्न पडला, की बाई, हे दार उघडं असन का? तर फासा टाकाचा. चार, पाच, सहा म्हणजे हो. एक, दोन, तीन म्हणजे नाही. मंग पुढं काय झालं ते आपण लिहाचं. अन् गोदाजवळ दिव्याचं तेल आहे, पाच पळ्या. एक आला का एक पळी गेली. तेल सरलं का गोदा सरली."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तिथंच राहते. मंग दुसरं माणूस, पहिल्यापासून."

मी त्यांच्या तोंडावर हसले. साठी उलटलेली, चांगली शिकलेली बाई, आणि हे. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पहिले काही दिवस त्यांना ते जमतही नव्हतं. एकाच फाशाला तीन-तीन गोष्टी विचारायच्या आणि मग उत्तर कशाचं आलं याच्यावर डोकं धरून बसायच्या. नाहीतर दोन पानं गोदाच्या लुगड्याचंच वर्णन. मग हळूहळू कळत गेलं, की एका वेळी एकच विचारावं, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच हवं आहे ते विचारूच नये, आणि गोदाला लवकर घराबाहेर काढावं. पंधरवड्यात गोदा नदीच्या पात्रातून चालू लागली. मी कुत्सितपणे चौकशी करायला म्हणून गॅलरीत जात असे, आणि चहा संपला तरी उठत नसे.

"हा एक तास माहा आहे, प्रेमलता," त्या एकदा म्हणाल्या. "नोकरीत कानात दुसऱ्याचंच बोलणं होतं. घरी आल्यावर आईचं. आता मीच विचारते अन् मीच आयकते."

हे सुख स्कीमला बघवलं नाही. आधी बातमी पसरली की शोभाताई जुगार खेळतात. मग कुणीतरी म्हणालं, एकट्याच बडबडतात, घरी कुणाला तरी कळवायला हवं. इथवर ठीक होतं, कारण ज्याला वेडं ठरवलं त्याच्याकडे निदान कुणी येत नाही. घात केला तळमजल्यावरच्या काजलने.

काजल विरजण मागायला आली तेव्हा गोदा तहानेने व्याकूळ होऊन एका कोरड्या डोहाशी पोचली होती. शोभाताईंनी मोठ्याने विचारलं, "पाणी येईल का?" फासा टाकला. सहा. आणि त्याच क्षणी खाली, सकाळपासून वाट पाहायला लावणाऱ्या टँकरने हॉर्न दिला. काजल विरजण विसरून जिना उतरली. संध्याकाळपर्यंत साऱ्या स्कीमला ठाऊक झालं, की शोभाताईंच्या फाशाला दिसतं.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला आजही आमच्या लोकांची किळस येते. एका बी.ई. झालेल्या माणसाने येऊन विचारलं, माझी बदली होईल का. दुसरा मुलाची पत्रिका घेऊन आला. तिसरीने विचारलं, जाऊ वेगळी निघेल का. "अहो, हा खेळ आहे," शोभाताई सांगत. "हो हो, खेळच आहे, पण एकडाव विचाराले काय जाते?" असं म्हणून ते खुर्ची ओढून बसत. दुपारचा तास गेला, आणि गोदा त्या डोहाशी पाय पसरून बसून राहिली.

शोभाताईंनी एक उपाय करून पाहिला. फासा टाकायच्या आणि म्हणायच्या, "हो आलं. आता पुढं काय झालं ते तुमी सांगा, असाच खेळ आहे." लोक आ वासून बघत. पुढचं त्यांना सांगता येत नसे. एवढी वर्षं जगून माणसांकडे स्वतःबद्दल दोन वाक्यं नसावीत, याचं मला नवल वाटलं नाही. मी त्यांना लिफ्टजवळ बोलताना ऐकलेलं होतं.

मग निघालं नव्या बोअरचं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष वामनराव. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि हुद्दा गेला तरी आवाज तिथेच राहिला. पाणी शोधायला एक पानाडी आणला गेला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारात फिरला आणि नारळ दोन ठिकाणी उभा राहिला. एक जागा फाटकाजवळ, वामनरावांच्या पार्किंगमध्ये. दुसरी कडुनिंबाखाली. फाटकाजवळ खोदायचं तर वामनरावांची जागा जाणार. कडुनिंबाखाली खोदायचं तर झाड तोडल्याशिवाय मशीन आत येणार नाही. त्या झाडाचा पाला वाऱ्याने फाटकापर्यंत येतो आणि त्यावरच्या पाखरांची घाण आपल्या नव्या गाडीवर पडते, हे वामनराव दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत होते. तेव्हा दोन जागांपैकी त्यांना कोणती पटली ते सांगायला नकोच.

रविवारी सकाळी खाली मीटिंग भरली. शोभाताई म्हणाल्या, झाड नका तोडू. मीही तेच म्हणाले. बाकी सगळे वामनरावांच्या तोंडाकडे पाहत होते, कारण त्यांच्याही गाड्या फाटकाशीच उभ्या असतात. वामनराव मतं घेणार, तेवढ्यात काजल म्हणाली, "शोभाताईंच्या फाशालेच विचारा ना!"

"हे बरोब्बर!" सगळे एकदम बोलले. शिकलीसवरली माणसं.

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मत घेतलं असतं तर झाड गेलंच होतं. फाशात निदान निम्मी आशा होती.

"टाकते," त्या म्हणाल्या. "पण एकदाच. जे येईन ते तुमी मानाचं, मीही मानीन. गोठ कबूल आहे का, वामनराव?"

"शब्द देतो, ताई. सर्वांसमोर."

शोभाताई वर जाऊन फासा घेऊन आल्या. मोठ्याने विचारलं, "निंबाच्या जागी बोअर माराची का?" आणि फरशीवर फासा टाकला.

दोन. नाही.

मी टाळी वाजवणार होते. पण वामनराव खाली वाकले. "हे काही धरता येत नाही. फासा माह्या चपलेले लागला. परत टाका."

"शब्द दिला होता तुमी," शोभाताई म्हणाल्या.

"शब्द फाशाले दिला, ताई. फासा बरोबर पडाले नको का?" त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, जणू देवळातच आले होते, आणि फासा स्वतः उचलून टाकला.

तीन. नाही.

"आपून चुकीचंच विचारून राहिलो," वामनराव म्हणाले. "बोअर माराची का, असं नाही. निंबाखाली पाणी आहे का, असं विचारा लागते." आणि कुणी काही बोलायच्या आत तिसऱ्यांदा टाकला.

पाच.

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. मी ओरडले, "वामनराव, दोनदा नाही आलं! तुमचा पगारही असाच मनासारखा आकडा येईपर्यंत मोजायचे का हो?" एक-दोघं हसले. वामनराव म्हणाले, "चांगल्या कामात काहून मोडता घालता, प्रेमलताबाई? फाशानं हो म्हटलं ना." सगळ्यांना सगळं दिसलं होतं. एकालाही ते दिसलं असं म्हणायचं नव्हतं, आणि घरी जाऊन पोहे खायचे होते.

शोभाताईंनी फासा उचलला, पदराला पुसला आणि वर निघून गेल्या.

फांद्या छाटायच्या म्हणून माणसं आली आणि बुंधा घेऊन गेली. परवानगी कुठून आली ते मी विचारलं, तर मला सांगण्यात आलं की मी सोसायटीच्या विकासाच्या आड येते आहे. मग मशीन आलं. दिवसभर घरघर, घराघरात राखेसारखी भुकटी. वामनराव डोक्याला रुमाल बांधून पेढ्यांचा डबा घेऊन उभे. पाइपावर पाइप खाली गेले आणि भुकटीच वर येत राहिली. शेवटी मशीनवाल्याने हात झटकले. पेढे तेवढे वाटले गेले, कारण आणलेच होते.

दोष कुणाचा? वामनरावांनी पुढच्याच मीटिंगमध्ये सांगितलं, की फासाच खोटा निघाला. माना डोलल्या. जिन्यात नोटीस लागली की आवारात पत्ते, फासे वगैरे खेळण्यास सक्त मनाई आहे. शोभाताईंकडे बदल्या आणि पत्रिका घेऊन येणारे आता त्यांना पाहून बाजूने निघून जातात. वामनराव गाडीवर ताडपत्री घालतात, आणि यंदा ऊन फारच वाढलं बुवा, असं मला, हो, मलाच सांगतात.

अशा रीतीने शोभाताईंना त्यांचा तास परत मिळाला. सावली नाही मिळाली.

गेल्या आठवड्यात दुपारी मी गेले तेव्हा त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर ओली चादर बांधली होती आणि ती एव्हाना खडखडीत वाळली होती. मी म्हटलं, आत चला, कूलर लावा. "इथंच सुरू केलं," त्या म्हणाल्या, "इथंच पुरं होऊ दे." गोदा उगमाशी पोचली होती. चार पळ्या तेल वाटेत गेलं होतं, एक उरली होती. एवढ्या दिवसांत मला त्या बाईची इतकी सवय झाली होती, की मी खुर्ची टेबलाला चिकटवून बसले.

"झऱ्याले पाणी आहे का?" शोभाताईंनी विचारलं आणि फासा टाकला.

एक.

मी त्या ठिपक्यावरून नजर काढून चादरीच्या बाजूने बाहेर पाहिलं. खाली जिथे झाड होतं तिथे बोअरचा पाइप झाकण लावून उभा होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्या गोदाला तरी पाणी मिळावं, एवढंच मला वाटत होतं.

"टाका हो परत," मी म्हणाले. "इथे कोण पाहतंय?"

शोभाताईंनी चष्मा काढून घाम पुसला, पुन्हा लावला आणि पेन उचललं.

"मी पाहून राहिली ना वं," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं, झरा कोरडा होता.