पंख्याखालचं प्लास्टिक

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. दुकानात दिवसभर माझ्या तोंडाला विश्रांती नसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी नको ते सगळं सांगत बसतो — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतोय त्यामागेही काही मोठं कारण नाही. सांगितल्यावर हलकं वाटेल म्हणतात. मला तसं काही वाटेल असं वाटत नाही.

तलासरीला हायवेलगत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्डावर माझ्या नावाखाली ‘हार्डवेअर तज्ज्ञ’ असं लिहिलंय. डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षालाच सोडला होता, पण बोर्ड रंगवणाऱ्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायचं आहे ते हे नव्हे. असल्या थापा हायवेवरच्या निम्म्या बोर्डांवर असतील.

सरावलीचे हरेश्वरभाऊ माझ्याकडे नेहमी यायचे. त्यांची चिकूची वाडी आहे. पेट्या भरलेला टेम्पो घेऊन हायवेवर यायचे आणि गुजरातकडे जाणारा ट्रक येईपर्यंत माझ्या दुकानात बसायचे. मला ते ‘इंजिनियर’ म्हणत. चेष्टेने म्हणत की मनापासून? मी कधी विचारलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

२०१६ च्या मार्चअखेरीस ते मुलीला घेऊन आले. तन्वी. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता, गाड्यांच्या शर्यतीचा कुठलासा गेम होता. भाऊंचं बजेट बेताचं होतं, म्हणून ती वहीच्या पानावर यादी करून घेऊन आली होती — मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, आणि प्रत्येकासमोर त्यातल्या त्यात स्वस्त काय मिळेल ते. यादी चांगली होती. खरं सांगू? मी केली असती त्याहून चांगली होती. म्हणून मी पेन घेऊन दोन ठिकाणी उगाच खाडाखोड केली.

बापलेकीचं घरी काय ठरलंय ते भाऊंनी माझ्यासमोर बोलून दाखवलं. तन्वीला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. भाऊंच्या मनात नव्हतं. शेवटी ते तिला म्हणाले होते, “हे मशीन निकाल लागून फॉर्म सुटेपर्यंत नीट सांभाळून दाखव. तुला यातलं कळतं असं दिसलं तर पाठवतो.” तिने मान डोलावली, आणि मग माझ्याकडे बघून हसली. मशीन मी बनवणार होतो ना.

सामान मी वापीहून आणलं. प्रोसेसर जुना घेतला, तिथे पैसे वाचले, पण त्याच्यासोबत पंखा नव्हता. तो वेगळा नवा घ्यावा लागला. हा पंखा म्हणजे ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्याच्यावर छोटा फॅन. ठोकळा प्रोसेसरला चिकटून बसतो आणि त्याची उष्णता ओढून घेतो. नव्या ठोकळ्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते सोलून मग बसवायचं, नाहीतर उष्णता आतच अडून राहते. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक कोणी काढत नाही. फ्रिजच्या दारावरचं, बाइकच्या सीटवरचं, टीव्हीच्या रिमोटवरचं — धूळ बसून काळं पडतं, सुटून लोंबायला लागतं, तरी राहू द्यायचं. जोडणी चालली होती तेव्हा भाऊ समोर खुर्चीवर होते. मी कॅबिनेटचं झाकण बाजूला ठेवलं तसे म्हणाले, “इंजिनियर, वरचं प्लास्टिक काढू नको हां. नवं राहील.” मी म्हटलं, “भाऊ, प्लास्टिक राहील, कॉम्प्युटर जुना होईल.” आम्ही दोघं हसलो. हसता हसता मी पंखा बसवत होतो.

तन्वी वाकून बघत होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिला सगळं पाठ होतं. तिने विचारलं, “काका, याच्या बुडाला पण प्लास्टिक असतं ना? ते काढलंत?”

मी बघितलं नाही. नुसतं म्हटलं, “तू गेम खेळ गं, हे माझ्यावर सोड.” भाऊ पुन्हा हसले.

पंख्याला चार स्क्रू असतात. तिसरा आवळताना माझ्या लक्षात आलं की प्लास्टिक सोलल्याचं मला आठवत नाही. विसरलो होतो असं तुम्हाला सांगितलं तर ते खोटं ठरेल — तिसऱ्या स्क्रूला मला शंका आली होती. तीन स्क्रू परत सैल करायचे, उलटं करून बघायचं, दोन मिनिटांचं काम. पण तिच्यासमोर? दहावीतल्या मुलीने सांगितलं आणि इंजिनियरने उघडून बघितलं, असं? मी चौथा स्क्रू आवळला. मग झाकण लावून त्याच्या स्क्रूवर दुकानाच्या शिक्क्याचं कागदी सील चिकटवलं आणि नेहमीचं वाक्य बोललो, की सील तुटलं तर जबाबदारी आमची नाही.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. गेम सुरू केला की वीस मिनिटांत मशीन बंद पडतं, तापमान नव्वदच्या वर जातं. मी म्हटलं, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. त्यांनी स्टॅबिलायझर घेतला. परत फोन आला, आता पंधरा मिनिटांत. मी म्हटलं, उन्हाळा आहे. कोणत्या दिवशी किती वाजता बंद पडलं हे ती वहीत लिहून ठेवत होती. मी म्हटलं, बरं, बघू. सरावली काही लांब नाही. बाइकवरून जाऊन येता आलं असतं. मला कारण माहीत होतं, आणि ज्याला कारण माहीत असतं त्याला जाऊन बघायची घाई नसते, हे मला तेव्हा कळलं.

जूनमध्ये निकाल लागला. तिला चांगले मार्क पडले. त्याच आठवड्यात मशीन कायमचं बंद पडलं आणि दोघं ते घेऊन आले. सील फाटलेलं होतं. मी विचारायच्या आधीच तन्वीने सांगून टाकलं, “काका, मी धूळ झाडायला उघडलं होतं. ब्रशने. बाकी कशालाच हात लावला नाही.” वही तिच्या हातात होती.

मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलावर कॅबिनेट उघडलं, पंखा काढला. प्लास्टिक होतं. तपकिरी पडलेलं, कडेला आकसलेलं. मी नखाने ते सोललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. त्यानंतर जे बोललो ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मी ते अगदी सावकाश बोललो होतो — “भाऊ, पोरीने आत हात घातलाय. बोर्ड त्यानेच गेला.”

बोलण्याआधी थोडा तरी विचार केला होता का? केला असेल. वाईट वाटलं का? तेव्हा नाही. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

तन्वीने वाद घातला नाही. तिने वही मिटली आणि ती माझ्या खिशाकडे बघत राहिली. पातळ पांढरा शर्ट होता. भाऊ तिला ओरडले नाहीत. “कळलं ना आता?” एवढंच म्हणाले. आणि मग मला — मला — म्हणाले, “सॉरी हां इंजिनियर, तुला फुकट ताप.” मी म्हटलं, असू दे.

फॉर्म भरला गेला नाही. डहाणूला तिने कॉमर्सला प्रवेश घेतला. हे मला भाऊंनीच चहा पिताना सांगितलं, वर म्हणाले, “बरं झालं, तू वेळेत सांगितलंस. हॉस्टेलचा खर्च करून मग कळलं असतं.” ते कॅबिनेट त्यांनी परत नेलं नाही. माझ्या माळ्यावर आहे. झाकणावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

तीन वर्षांनी, २०१९ च्या हिवाळ्यात, ती एकटी दुकानात आली. कॉलेज सांभाळून अर्धा वेळ एका दवाखान्यात केसपेपर बनवते म्हणाली, तिथला माउस बिघडला होता. मी नवा काढून दिला. तिने तो उलटा केला, खालच्या चकतीवरचं छोटं प्लास्टिक नखाने सोललं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“काका, हे काढायचं राहतं कधी कधी,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, टोमण्याचाही नव्हता. माउस पिशवीत टाकून ती बस पकडायला गेली.

मी ते प्लास्टिक शर्टाच्या खिशात टाकलं. हात आपोआप तिकडेच गेला.

दोन दिवसांनी भाऊ आले. “काय इंजिनियर,” म्हणून खुर्चीवर बसले. मी चहा मागवला. त्या दिवशी ट्रकला यायला उशीर झाला, दीड-दोन तास तरी. दुकानात आम्ही दोघंच होतो. सांगायला वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही.