नळीमागच्या काळ्या रेषा

सांगू की नको, असं दहा वेळा मनात आलं. पण चहा तुमच्याही हातात आहे आणि कुठे जायची घाईही दिसत नाही, तर ऐकाच. एका सकाळी, चहाच्या सुट्टीच्या आत, मी चार धडधाकट माणसांना आजारी करून ठेवलं. त्यातला एक मी स्वतः!

थांबा, आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. एटापल्लीकडच्या एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी सतरा वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. इतक्या, की एकीला एक जोडत गेलो असतो तर आमच्या गावाला नळाचं पाणी आलं असतं! मग वरून हुकूम आला. चंद्रपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर राहा, शिका, परीक्षा द्या, तंत्रज्ञ व्हा.

वय सेहेचाळीस. गुडघे माझ्याआधीच रिटायर झालेले. सोबतची पोरं वीस-एकवीसची, आणि लॅबच्या प्रमुख रामटेके मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. सकाळी रक्त काढा, दुपारी तपासा, संध्याकाळी वही लिहा. पाच महिन्यांत मी असा पिचलो होतो, की एकदा एका पेशंटच्या दंडाला पट्टा बांधता बांधता त्याच्याच खांद्यावर झोपलो. तो बिचारा अर्धा तास हलला नाही. त्याला वाटलं, तपासणीच अशी असते.

तर सिकलसेलचं टेबल. आमच्या भागात हा रक्ताचा आजार बराच, आणि आईबापांकडून लेकरांत येणारा; दोघांतही असला तर लेकराचं अवघड. म्हणून आता सोयरीक पक्की करायच्या आधी मुलगा-मुलगी दोघांचं रक्त तपासून घेतात. पहिली तपासणी अगदी साधी. नळीत औषध घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. नळीतून रेषा दिसल्या, तर चिंता नाही. गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर पॉझिटिव्ह, म्हणजे पुढची मोठी तपासणी.

रोज रेषा बघायची स्नेहल, माझ्यासोबत शिकणारी पोरगी. मी फक्त नळ्या हलवायचो आणि ती बोलेल ते वहीत लिहायचो. त्या दिवशी स्नेहल तापानं घरी आणि मॅडम मीटिंगला. टेबलावर मी एकटा. छाती दोन इंच फुगली की हो माझी!

समोर आले मूल गावाकडचे मेश्रामभाऊ, त्यांची मुलगी प्रणाली, होणारा जावई नितेश आणि नितेशचा मामा. रविवारी साखरपुडा. फक्त तपासणीचा रिपोर्ट हातात पडायचा राहिला होता.

प्रणालीची नळी धरली. रेषा नाहीत. नितेशची धरली. त्यातही नाहीत! पुन्हा थेंब टाकले, पुन्हा थांबलो. नाहीत म्हणजे नाहीत.

मॅडमचा नियम होता, सही झाल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जाणार नाही, कागदानंही नाही आणि तोंडानंही नाही. पण मामानं खिडकीतून मान घातली, "का जी, निघालं का काही?" आणि माझ्या तोंडून सुटलं, "दोघंही पॉझिटिव्ह दिसून राह्यले!"

संपलं! मेश्रामभाऊ भिंतीला टेकून खालीच बसले.

"काका, नक्की ना?" प्रणालीनं विचारलं.

"नक्की म्हणजे? दोन-दोनदा पाह्यलं मी!"

मामाचा फोन तोवर कानाला. "हॅलो, रविवारचं थांबवा सध्या! काऊन म्हणजे? रक्तात निघालं!"

"मामा, फोन ठेवा पह्यले," नितेश म्हणाला. "अजून मोठी तपासणी बाकी आहे म्हणे. ते तर होऊ द्या." आणि तो जाऊन मेश्रामभाऊंच्या शेजारी जमिनीवर बसला.

"आमच्या घराण्यात असलं काही नाई!" मामा तापला. "घ्या माझं रक्त! घ्या!"

घेतलं. पॉझिटिव्ह!

मामाचा आवाज एकदम मऊ झाला. "तरीच… कालपासून मले कसंतरीच होऊन राह्यलं होतं." आणि तो बाकावर आडवा झाला. वारा घालायला माणूस शोधू लागला.

आता मात्र मला शंका आली. औषध तर बिघडलं नाही? सकाळीच सर्वांत आधी निरोगी माणसाचं रक्त लावून औषधाची खात्री करायची असते. ते मी विसरलो होतो. निरोगी माणूस आता कुठून आणू? म्हणून स्वतःचंच बोट टोचलं.

पॉझिटिव्ह!

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला. गुडघे का दुखतात, जिना चढताना धाप का लागते, सतरा वर्षं मी थकलेला का आहे! बायकोला फोन लावला.

"अगं, मला सिकलसेल आहे."

"कोनी सांगतलं?"

"मीच काढलं."

"मंग काही नाई तुम्हाले," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शेवटची खात्री म्हणून एका नळीत नुसतं शुद्ध पाणी भरलं. ना औषध, ना रक्त. कागदासमोर धरलं. रेषा नाहीत!

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पळालो. मीटिंगचं दार ढकललं आणि सगळ्या डॉक्टरांसमोर ओरडलो, "मॅडम, पाणी पॉझिटिव्ह आलं!"

मॅडम आल्या. नळी हातात घेतली, पाहिली, मग मला पाहिलं.

"भाऊ, या कागदावर रेषा किती आहेत?"

"कोणत्या कागदावर, मॅडम?"

मागून प्रणाली म्हणाली, "काका, सहा आहेत. मले इथून दिसून राह्यल्या!" वडिलांच्या खिशातला चष्मा काढून तिनं माझ्या नाकावर ठेवला.

आणि काय सांगू! सहा रेषा. काळ्या, सरळ, ठसठशीत. पाण्यात, प्रणालीत, नितेशमध्ये, मामात, माझ्यात, सगळीकडे त्याच! दोन वर्षं मी पेपर हात लांब करून वाचत होतो आणि बायकोला म्हणत होतो, हल्ली छपाई बारीक झाली.

मॅडमनी सगळं नव्यानं लावलं, आधी औषध तपासून. सगळे निर्दोष. सही झाली. मामा तर शाई वाळायच्या आत बाकावरून उठला आणि "हॅलो, मंडपवाले!" करत बाहेर गेला.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "डोळ्यांची चूक असती तर मी हसून सोडलं असतं, भाऊ. पण तोंड काऊन उघडलं? तो बाप अर्धा तास जमिनीवर बसून होता." मी मेश्रामभाऊंपुढे हात जोडले, तेव्हा त्यांनी आधी माझ्या नाकावरचा आपला चष्मा काढून घेतला.

मग प्रणाली म्हणाली, "जाऊ द्या, काका. मामा फोन करून राह्यले होते तवा हा बाबाजवळ जाऊन बसला. दोन्ही गोष्टी मले लग्नाआधीच दिसल्या. रविवारी या तुम्ही."

गेलो. नवा कोरा चष्मा लावून गेलो, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठच. म्हटलं, घोळ घातला खरा, पण पोरीला नवरा पारखून दिला. ही काय लहान गोष्ट झाली? मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मेश्रामभाऊ स्वतः ट्रे घेऊन समोर आले, चारचौघांत. मला वाटलं, आता सत्कार होतो.

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या भाऊ, प्या बिनधास्त. निगेटिव्ह आहे."