ताणातलं झाड

"झाडाखाली पाणी नका सांडू बरं. मागं हिनं भांडी धुऊन धुऊन एका झाडाचा बहर वाया घालवला होता," काका नव्या मजुरांना हसत सांगत होते. काकू शेजारीच चहा गाळत होती.

सौंसरच्या आमच्या बागेत मे महिन्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. तहानलेली झाडं मग पावसाळ्यात भरून फुलतात. नऊ वर्षांची असताना मला हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा उन्हाळ्यात सगळं घर पांढुर्ण्याहून इथं मांडवाखाली राहायला यायचं. माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून भावंडं म्हणायची, "मॅडम काय बोलून राहिली रे?" मग मी दूर कोपऱ्यातल्या झाडाखाली जाऊन बसायचे. त्याची पानं वळून गेली होती. त्यालाही कोणी विचारत नाही, असं मला वाटायचं. रोज संध्याकाळी मी विहिरीजवळच्या टाक्यातून छोटी बादली भरून त्याच्या बुडाशी ओतायचे. तापलेली माती चर्र वाजायची आणि तिचा वास हाताला बराच वेळ राहायचा.

जुलैत सारी बाग पांढरी झाली. ते झाड तेवढं नुसतं हिरवं राहिलं. भांडी तिथंच धुतली असतील म्हणून काकांनी काकूला बोल लावला, मी गप्प राहिले.

आता मांडव घालत नाहीत, भावंडंही येत नाहीत. काकूनं माझ्या हातात कप दिला.

"काका," मी म्हणाले, "काकूनं नाही. त्या झाडाला पाणी मी टाकत होती."