टर्बोवरचा लाल ठिपका

मी मुळातच संशयी. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघणारी. त्यामुळे आमच्या गाडीचा टर्बो गेला, तेव्हा एटापल्लीच्या मिस्त्रीवर मी आधी संशय घेतला आणि मग त्याला नमस्कार केला.

गाडी म्हणजे आमची जुनी डिझेल जीप. नवरा ती आलापल्लीपर्यंत सवारीवर चालवतो. चढावर ती रडू लागली, मागून निळा धूर, पुढून शिट्टी. मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगितलं, "टर्बो गेला, ताई. हवा दाबून इंजिनात सोडते थो. थो गेला का गाडीची ताकत गेली."

नवा टर्बो मी स्वतः चंद्रपूरहून आणला, एसटीत मांडीवर डबा घेऊन. मिस्त्रीने तो ठेवून घेतला आणि दुसराच एखादा रंगवून बसवला तर? म्हणून घरी डबा उघडून टर्बोच्या काळ्या, खरबरीत बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मग मिस्त्रीच्या शेडसमोर खुर्ची टाकून बसले. त्याने उघड्या पाइपच्या तोंडाला फडकं बांधलं. का बरं झाकतोय? नव्या टर्बोत त्याने तेल ओतलं, तेव्हा मात्र माझ्याने राहवेना.

"भाऊ, नव्या वस्तूत तेल काऊन ओतून राह्यले?"

"सुका फिरला तर पयल्याच मिनटाले जाते ना, ताई. अन् फडकं धुळीसाठी."

फडक्याचं तर मी विचारलंही नव्हतं. उत्तरं तयार ठेवणारा माणूस मला जास्तच संशयास्पद वाटतो. जुना टर्बो त्याने आपणहून माझ्या पायाशी आणून ठेवला, तर तो आमचाच कशावरून, हेही मनात आलंच.

दुपारी तो आणि नवरा गाडी घेऊन सूरजागडच्या चढावर ट्रायल मारून आले. नवरा खूश होता. मी मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेटखाली वाकले. ठिपका नव्हता.

"माझा टर्बो कुठी हाय?" मी अशी ओरडले की शेजारच्या टपरीवर चहा पिणारे खाणीतलं लोखंड वाहणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. "बदलला तुम्ही! खूण केली होती मी!"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. या माणसाच्या भरवशावर लोक चावीसकट गाड्या सोडून बाजाराला जात. त्याने वाद घातला नाही. रिकामा डबा मागितला, डब्यावरचा नंबर मला वाचायला लावला आणि टर्बोच्या पट्टीवरचा नवऱ्याला. नंबर एकच होता.

"ठिपका कोन्त्या बाजूले लावला होता?"

"काळ्या."

"तिकडून इंजिनाचा गरम धूर जाते, ताई. चुलीवरच्या तव्यावानी तापते थे. नेलपालिश कुठून राहीन?"

त्याने बोट दाखवलं तिथे जळका, तपकिरी डाग होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं, भाऊ," मी म्हणाले, पण त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं. आरोप साऱ्या रस्त्याला ऐकवला होता. ते ड्रायव्हर एव्हाना आपापल्या ट्रकमध्ये बसून निघून गेले होते आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं नव्हतं.

महिनाभराने ऑइल बदलायला गेलो. शेडमध्ये मिस्त्री एका पिकअपखाली पडून काम करत होता. पिकअपचा मालक, अनोळखी माणूस, बाहेर काढलेल्या बॅटरीला लाल नेलपॉलिश लावत होता. मला बघून तो हळूच म्हणाला,

"बाई, तुमी बी खूण करून ठेवा. या मिस्त्रीनं एका बाईचा नवा टर्बो बदलला होता म्हन्तेत."

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला.

"थे बाई मीच," मी म्हणाले. या वेळी मोठ्याने, टपरीपर्यंत जाईल असं. "काई बदललं नव्हतं त्यानं. मीच खोटी पडली."

त्या माणसाने समजल्यासारखी मान हलवली आणि फुंकर मारत ठिपका वाळवत राहिला.